पाठीत एक इंच कमी

सुट्टी कशी झाली असं कोणी विचारलं की ताई म्हणते, छान झाली. भावजी म्हणतात, ठीक. आणि मग दोघंही माझ्याकडे बघतात, कारण मी तोंड उघडलं की काय बाहेर येईल याचा त्यांना भरवसा नसतो. तर मी खरं काय ते सांगते. माझी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली, आता निदान स्वतःचं तरी बोलू द्या.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिंपी. बाजारातल्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. गळ्यात टेप, कानावर खडू आणि ओठांत टाचण्या. त्या टाचण्यांपायी या माणसाची अबोल म्हणून ख्याती झाली. लग्न झालं तेव्हा मी ताईला विचारलंसुद्धा होतं, की हे बोलतात का गं? ती म्हणाली, टाचण्या काढल्यावर बोलतात. टाचण्या रात्री जेवताना निघायच्या, आणि तेव्हा तोंडात घास असायचा.

कामाला मात्र तोड नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत यांच्या डोळ्यांनी त्याचं निम्मं माप घेतलेलं असतं. आणि एक गोष्ट सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. भावजी माया सोडत नाहीत. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे कपडा उसवून सैल करता यावा म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. आया येऊन सांगायच्या, मुलगा वाढतोय, थोडी माया ठेवा. हे म्हणायचे, वाढला की नवा शिवू. ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही त्याला माया लागते, असं त्यांच्या मामाने त्यांना शिकवलं होतं, आणि मामाने ते गजाने बडवून शिकवलं असल्यामुळे पक्कं बसलं होतं. या माणसाच्या हातात माया नाही असं मी भर जेवणात म्हणायचे, दोन्ही अर्थांनी. ताईला राग यायचा. भावजी हसायचे.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी दुकानात रांगताना तिने कोटाचं बटण गिळलं, तेव्हापासून तिचं नाव बटण पडलं ते पडलंच. दहा वर्षांची होईतो ती काजं करायला शिकली, अठराव्या वर्षी कापड बेतायला लागली. बापलेक दोघंही तोंडात टाचण्या घेऊन समोरासमोर बसायची आणि दिवसभरात दहा शब्द बोलायची, पण त्यांचं सगळं आलबेल चाललेलं असायचं. मग एकदा चौकड्यांच्या कापडाचा कोट आला. बटणने बेतला. शिवून झाल्यावर पाठीवर चौकडीला चौकडी जुळेना. दुकानात आणि दारात मिळून चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर भावजींनी टाचण्या हातात काढून घेतल्या आणि म्हणाले, हिच्या हातात कात्री देणं म्हणजे कापडाचा खून करणं. बटणने कात्री टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी बॅग उचलली आणि समुद्राकाठच्या बंदराच्या गावी निघून गेली. तिथे बोटींवर घालायच्या ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात लागली.

याला सात वर्षं झाली. ती ताईशी माझ्या फोनवर बोलायची. घरात मात्र तिचं नाव निघायचं नाही. 'तिकडे' म्हणायचे. तिकडे थंडी आहे म्हणे. तिकडे बरं आहे म्हणे. मला इतका संताप यायचा. अरे, मुलगी आहे की हवामान आहे?

यंदा गल्लीतला रस्ता खणायला काढला आणि आठ दिवस दुकान उघडता येईना. ताईने त्याच संध्याकाळी सुट्टी जाहीर केली. एकतीस वर्षांतली पहिली. कुठे जायचं, तर समुद्रावर. कुठला समुद्र, हे कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बटण फोनवर म्हणाली, "आई, तू ये, मावशीला आण. बाबांना यायचं असेल तर येऊ देत, पण मी बोलावणार नाही." भावजी म्हणाले, "मी सुट्टीवर येतोय. कुणाच्या दारात जायला येत नाहीये." म्हणजे ती बोलावणार नाही आणि हे जाणार नाहीत. आठ दिवसांत दोघांनी एकमेकांशी एक शब्द तरी बोलावा, एवढ्याच आशेवर ताईने तीन माणसांचे कपडे भरले.

बसमध्ये भावजींच्या मांडीवर कागदात बांधलेलं एक पुडकं होतं. काय आहे म्हटलं, तर म्हणाले, "तिथल्या एका गिऱ्हाइकाचा कोट आहे. पोचवायचाय." ते डुलकी घेत होते तेव्हा मी दोरी सोडली. हो, सोडली. बायकी कोट होता, गडद निळा, आतून रेशमी अस्तर. मी शिंपीण नाही, पण एवढी वर्षं त्या घरात वावरले आहे. बगलेखालची शिवण बोटांत धरली तर जाडजूड लागली. दुसऱ्या बाजूलाही तेच. पाठीच्या शिवणीतही तेच. दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं होतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला अर्धा इंच जास्त दिला नाही, त्याने या कोटात मिळेल तिथे माया भरून ठेवली होती.

मला रडूच आलं. आणि रडू आलं की मला राग येतो. मी त्यांना कोपराने ढोसून उठवलं.

"भावजी, या गिऱ्हाइकाचं माप कुठल्या वहीत आहे?"

त्यांनी पुडकं बघितलं, मला बघितलं, दोरी पुन्हा बांधली. "सात वर्षांपूर्वीचं आहे," म्हणाले. "आता कशी झालीये, अंदाज नाही." आणि तोंड खिडकीकडे फिरवून बसले.

लॉजची खोली वाईट होती. जाहिरातीत समुद्राकडची खिडकी लिहिली होती, आणि खिडकी समुद्राकडेच होती, फक्त मधे एक तीन मजली भिंत होती. नळ बंद केला तरी गळायचा. पडद्याची खालची पट्टी एका बाजूला उसवून लोंबत होती, आणि भावजींनी बूट काढायच्या आधी तीच बघितली. पहिल्या दिवशी आम्ही वाळूत गेलो. ताईने पाण्यात पाय घातले आणि ती इतकी हसली, की मला आमच्या लहानपणीची ताई दिसली. ते या सुट्टीतलं सगळ्यात सुंदर. भावजी बूट घालूनच वाळूत बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांचे मुंढे, म्हणजे बाहीचे जोड, कुठे चुकलेत ते मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी कारखान्यात गेलो. भावजी म्हणाले, मी धक्क्यावर बसतो, तुम्ही या जाऊन. मोठा पत्र्याचा हॉल, डांबराचा वास, आणि जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्या, एकेक आमच्या अख्ख्या घराएवढी. बायका त्या दोन्ही हातांनी ओढत मशीनखाली सरकवत होत्या. त्यांतली एक उठून आमच्याकडे धावत आली. मी आधी ओळखलंच नाही. गेली तेव्हा काडीसारखी होती. आता खांदे असे भरलेले, की तिने मिठी मारली तेव्हा माझा चष्मा वाकडा झाला. ती चहा घेऊन आली, चार कप. चौथा कप तसाच राहिला. त्याच्याविषयी कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. सकाळी भावजी फिरून येतो म्हणाले आणि बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी शोधायला निघाले. कारखान्याच्या कठड्यावर एक तयार ताडपत्री वाळत घातली होती, आणि हे तिच्यासमोर उभे. कड उलटून आतली शिवण बघत होते. अंगठ्याच्या नखाने टाके मोजत होते. मी जवळ गेले तर स्वतःशीच म्हणाले, "बरं शिवलंय." इतक्यात दार उघडून बटण बाहेर आली. दोघांत रस्त्याएवढं अंतर. ती थांबली. हे थांबले. मला वाटलं, आता झालं. आणि या माणसाने ताडपत्री हातातून सोडली, मान खाली घातली आणि तडक लॉजची वाट धरली.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. बटण पांढरीफटक पडली होती. संध्याकाळी तिचा लॉजवर फोन आला. ताईला म्हणाली, "त्यांना माझा अजून एवढा राग आहे, तर आणलंस कशाला गं त्यांना?" ताईने फोन ठेवला आणि गळक्या नळाखाली तोंड धूत राहिली, बराच वेळ. भावजी खुर्चीवर बसून पडद्याची पट्टी शिवत होते. सुईदोरा सुट्टीतही बरोबर होता, हे सांगायला नकोच.

पुढचा दिवस आमचा मुक्यानेच गेला. पाचव्या दिवशी धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळावरून माझा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. खरंच मुरगळला. ताई अजून म्हणते मी नाटक केलं. नाटक करायला मला टम्म सुजलेला पाय कुठून मिळणार? भावजींनी आधार देऊन मला लॉजवर आणलं, आणि ताई सरळ कारखान्यात गेली. मावशी पडली म्हटल्यावर बटण होती तशी निघाली. डांबराच्या डागांच्या कपड्यांत आणि अंगावर कोट नसताना. खोलीत शिरली तेव्हा थंडीने कुडकुडत होती.

मी पलंगावर, पाय उशीवर. भावजी खिडकीशी, ताई दारात. त्यांनी मान वर केली नाही. बटणने माझा पाय हातात घेऊन चोळला, आणि मग सुरू झालं.

"मावशी, त्यांना सांग, गरम पाणी लागेल."

"तिला सांग, किटली भरलेली आहे."

"त्यांना विचार, बादली कुठे आहे."

"मी रिटायर झालेय," मी ओरडले. "बास झालं. काय जोडायचं ते तुमचं तुम्ही जोडा." आणि उशाशी ठेवलेलं पुडकं उचलून मी बटणच्या अंगावर फेकलं. "घाल. थंडीने मरशील."

"ते गिऱ्हाइकाचं आहे," भावजी म्हणाले.

"मग? गिऱ्हाईकच आलंय."

बटणने कागद सोडला. कोट उलगडून धरला, आणि शिंप्याचीच मुलगी ती, आधी आतली शिवण बघितली. बगलेखाली हात फिरवला, मग पाठीत फिरवला. सगळी माया बोटांनी चाचपून झाली तशी तिने एकदा भावजींकडे बघितलं. हात घातले. कोट खांद्यांवर चढला, पण पाठीत असा ताणला गेला, की हात पुढे येईनात. ती तशीच उभी राहिली, हात मागे अडकलेली.

भावजी ताडकन उठले. राग, लाज, सात वर्षं, सगळं जाऊ द्या, समोर एक चुकलेलं फिटिंग उभं होतं आणि ते त्यांना बघवेना. गळ्यातला टेप हातात आला. "काढ," म्हणाले. मग तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "सरळ उभी राहा. हात सैल सोड. लिही गं."

लिही गं हे ताईला. दुकानात नेहमी तसंच चालतं, ते माप बोलतात आणि ती लिहिते. तिने लॉजच्या जेवणाच्या यादीचा कागद उलटा केला.

"खांदा, सोळा. बाही, साडेतेवीस. छाती..." ते थांबले. "श्वास धरू नकोस. सोड. खोटं माप येतं."

बटणने श्वास सोडला आणि त्याबरोबर तिचं रडू सुटलं. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. भावजींनी टेप काढला नाही. तिचे खांदे थांबेपर्यंत ते पाठीवर दोन्ही हात तसेच धरून उभे राहिले.

"पाठ, साडेसोळा," ते हळूच म्हणाले. "चौदा होती. एवढी पाठ कशाने झाली?"

"ताडपत्री ओढून."

"हं." त्यांनी टेप तिच्या कमरेला लावला. मग म्हणाले, "ती घडी मी घातली होती."

"कुठली?"

"चौकड्यांच्या कापडाची. बेतायला तुला दिलं तेव्हा घडी मीच घालून दिली होती. एक बोट तिरकी होती. तू खडूच्या रेघेवर बरोबर कापलंस. त्याच संध्याकाळी तुकडे जुळवून बघितले मी."

ताईच्या हातातली पेन्सिल थांबली. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीत?" बटण म्हणाली.

"चार माणसांत बोललो होतो. तू गेलीस. मग सांगायचं राहिलं."

"सात वर्षं?"

"रोज उद्यावर गेलं." त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "परवा तुझी शिवण बघितली. एक टाका मागेपुढे नाही. तोंड दाखवायची लाज वाटली गं मला."

बटण वळली आणि तिने कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं. टेप मधेच अडकला होता. ताईने तोंड पदराने... छे, पदर कुठला, लॉजच्या टॉवेलने पुसलं. मी पाय दुखतोय म्हणून रडून घेतलं.

मग दुपारभर ती दोघं जमिनीवर बसून कोट उसवत होती. ताडपत्रीला कुठली सुई लागते, दोऱ्याला मेण का लावतात, मशीनचा पाय किती उचलायचा. एकतीस वर्षांत ऐकले नाहीत तेवढे शब्द मी त्या दुपारी भावजींच्या तोंडून ऐकले, तेही नुसत्या सुईबद्दल. माया सगळी उलगडली. छातीत झाला, खांद्यात झाला. पाठीत मात्र एक इंच कमी पडला.

"मधे पट्टी घालावी लागेल," भावजी म्हणाले. "कापड घरी आहे."

"पाठवून द्या. मी लावीन."

"पट्टी कोट अंगावर असताना लावावी लागते." आणि मग दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात त्याच कोरड्या सुरात म्हणाले, "मंगळवारी ये. सोमवारी दुकान बंद असतं."

बटणने त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. मंगळवारी."

निघायच्या सकाळी मी लंगडत भावजींची बॅग भरत होते, कारण त्यांना कापड बेतता येतं पण स्वतःचे कपडे कोंबल्याशिवाय ठेवता येत नाहीत. तळाशी, बनियनच्या खाली, गडद निळ्या कापडाचा घडी घातलेला तुकडा होता. हातभर लांब. त्याच ताग्यातला, एका पट्टीला काय, तीन पट्ट्यांना पुरेल एवढा. मी वर बघितलं. भावजी दारात उभे होते. ज्या माणसाने जन्मभर गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा परत केली, तो माझ्यासमोर गुन्हा सापडल्यासारखा उभा होता. मी तुकडा होता तसा बनियनच्या खाली ठेवला आणि चेन ओढली. माझी शपथ, मी बसमध्येसुद्धा काही बोलले नाही.

मंगळवारी बटण आली. भावजींनी कपाट उघडलं, फळीवरचे डबे खाली काढले, तो तुकडा कुठे गेला कोण जाणे म्हणाले, उद्या बघतो म्हणाले. बुधवारी नाही सापडला. तोवर बस म्हणाले, काजं पडलीयेत. गुरुवारी दोघं समोरासमोर टाचण्या तोंडात घेऊन बसलेली मी रस्त्यावरून बघितली. शुक्रवारी सकाळी बटण माझ्याकडे चहाला आली आणि दार लोटून घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तो तुकडा बाबांच्या मशीनच्या खणात आहे. मला मंगळवारीच सापडला. तू त्यांना सांगू नकोस हं."

मी म्हटलं, "कसला तुकडा?"